खातं बंद होईल

परभणीतली जुनी माणसं अजूनही ‘हैदराबाद बँक’ असंच म्हणतात. निजामाच्या राजवटीत १९४१ साली स्थापन झालेली ही बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. मराठवाड्यातल्या दोन-तीन पिढ्यांचे पगार, पेन्शन आणि पीककर्ज तिच्या खिडक्यांवरून गेले, आणि १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पासबुक बदललं, चेकबुक बदललं, आयएफएससी कोड बदलला. जिंतूर-सेलूकडच्या ज्या शेतकऱ्याचं खातं मराठवाडा ग्रामीण बँकेत होतं, त्यानं तर जागचं न हलता याहून जास्त पाहिलं. १९७६ साली नांदेडला मुख्यालय ठेवून सुरू झालेली ती बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली, आणि १ मे २०२५ रोजी विदर्भ-कोकणच्या ग्रामीण बँकेशी एकत्र होऊन पुन्हा नव्यानं उभी राहिली. खातं तेच, गाव तेच, पाटी मात्र वेगळी. अशा माणसाला एखाद्या दुपारी फोन येतो. पलीकडचा आवाज अदबीनं म्हणतो, ‘काका, तुमची बँक मर्ज झाली, केवायसी राहिली आहे, आज पूर्ण केली नाही तर खातं बंद होईल.’ या वाक्यात काकांना खोटं वाटावं असं नेमकं काय आहे?

म्हातारी माणसं भोळी असतात, त्यांना मोबाइल कळत नाही, म्हणून ती फसतात, असं आपण सहज म्हणून जातो. या म्हणण्यात तथ्य थोडं आहे आणि सोय फार आहे. एकदा दोष भोळेपणाचा ठरला, की बाकी कोणाला काही करावं लागत नाही. ‘सावध राहा’ असा फलक लावला की बँकेचं काम संपतं. उलट पुराव्याकडे नीट पाहिलं तर दिसतं ते वेगळंच. आपली वडीलधारी माणसं व्यवस्थेनं त्यांना शिकवलेला धडा इमानेइतबारे पाळतात, आणि तिथेच फसतात. साहेब सांगेल ते कागद द्यायचे, मुदतीच्या आत द्यायचे, उलट प्रश्न विचारायचा नाही, नाहीतर काहीतरी बंद होतं, हा तो धडा. भामट्याला नवं काही शिकवावं लागत नाही. खऱ्या व्यवस्थेचा आवाज उसना घेतला की त्याचं भागतं.

‘बंद होईल’ ही धमकी या लोकांच्या बाबतीत किती वेळा खरी ठरली आहे, ते मोजून पाहावं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता पंतप्रधान दूरदर्शनवर आले आणि मध्यरात्रीपासून पाचशे-हजारच्या नोटा चालेनाशा झाल्या. डब्यात, गादीखाली, देवघरात जपलेला पैसा चार तासांत कागद होऊ शकतो, हे ज्यानं पाहिलं, त्याला ‘आज रात्री खातं गोठवलं जाईल’ हे अशक्य का वाटावं? ३० जून २०२३ पर्यंत आधार-पॅन जोडलं नाही तर पॅन निष्क्रिय, हेही खरं होतं. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता ई-केवायसीशिवाय थांबतो, हे खरं. रेशनकार्डावरच्या प्रत्येक नावाचं अंगठा लावून ई-केवायसी, तेही खरं. लाडकी बहीण योजनेसाठी सप्टेंबर २०२५ पासून सुरू झालेल्या ई-केवायसीत तर बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी मागवला गेला, आणि त्याच काळात योजनेच्या नावाची बनावट संकेतस्थळं फिरू लागली म्हणून इशारे द्यावे लागले. श्रावणबाळ योजनेतले महिन्याचे १५०० रुपये ज्यांचं मीठ-मिरची चालवतात, त्यांना ‘आधार लिंक नाही, पैसे थांबतील’ हे वाक्य तलाठी कार्यालयात ऐकू येवो की फोनवर, पोटात गोळा तोच येतो.

भामटे हे सगळं कॅलेंडर आपल्यापेक्षा बारकाईनं वाचतात. हयातीच्या दाखल्याचा हंगाम आला की पेन्शनरांना ‘दाखला ऑनलाइन भरून देतो’ असे फोन सुरू होतात. किसान सन्मानच्या हप्त्याची तारीख जवळ आली की व्हॉट्सॲपच्या गटावर एक फाइल येते. तिचं नाव योजनेचंच असतं आणि चिन्हही योजनेचंच दिसतं; फक्त नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन अक्षरं असतात. ती दाबली की फोन विचारतो, या ॲपला तुमचे मेसेज वाचू द्यायचे का? इथे ‘हो’ म्हटलं की पुढे ओटीपी कोणाला सांगावाही लागत नाही, तो परस्पर भामट्याकडे पोचतो. फाइल पाठवणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, कारण आधी त्याचा फोन गेलेला असतो. २०२२ मध्ये राज्यभर आलेला वीजबिलाचा मेसेज आठवून पाहावा: मागच्या महिन्याचं बिल जमा झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा. असे मेसेज आपले नाहीत, असा खुलासा महावितरणला पुन्हा पुन्हा करावा लागला. ज्या भागात लाईट न सांगता जाते आणि थकबाकीपोटी रोहित्रं खरोखर बंद होतात, तिथे साडेनऊची वेळ टाकणाऱ्यानं माणसाची नस बरोबर पकडली होती.

यावर ठरलेलं उत्तर असं, की सांगितलंय ना, ओटीपी कोणाला देऊ नका. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली ती सूचना जून २०२५ मध्ये बंद होईपर्यंत कित्येक महिने फोन लावताना वाजत होती. पण हा नियम पाळता येण्याजोगा आहे का, हे कोणी तपासत नाही. सिलिंडर आणणारा मुलगा दारात उभा राहून कोड विचारतो आणि तो द्यावाच लागतो. ‘फार्मर आयडी’ काढायला सेवा केंद्रावर गेलेल्या आजोबांचा फोन केंद्रचालकाच्या हातात असतो. तो म्हणतो, ‘बाबा, ओटीपी आला का बघा,’ आणि बाबांना दिसत नाही म्हणून स्वतःच वाचून घेतो. पीकविमा, सातबारा, आयुष्मान कार्ड, सगळीकडे हेच. आठवड्यातून चार वेळा सरकारी कामासाठी ओटीपी द्यायचा आणि पाचव्या वेळी मात्र तो देऊ नये हे ओळखायचं, अशी ही परीक्षा आहे. त्यातही प्रश्नपत्रिका इंग्रजीत. बँकेचा मेसेज आला की सहा आकडे तेवढे ओळखीचे असतात. किती रक्कम जाणार आहे, कोणाला जाणार आहे आणि हा क्रमांक कोणालाही सांगू नका, हे सगळं त्या आकड्यांच्या आजूबाजूला इंग्रजीत बारीक अक्षरांत दाटलेलं असतं. माणसाला वाचवणारं नेमकं वाक्यच त्याला वाचता येत नाही.

न कळणाऱ्या भाषेतला कागद ही मराठवाड्याला जुनी ओळखीची गोष्ट आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि दरबारी व्यवहार उर्दूत चालत असे. आज ऐंशी ओलांडलेल्यांच्या आईवडिलांनी जमिनीचे कागद दुसऱ्याकडून वाचून घेतले आणि तो सांगेल त्या जागी अंगठा उठवला. पुढे इंग्रजी फॉर्म आले, आता मोबाइलवरचे चौकोन आले. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७३ टक्के होती, राज्याची सुमारे ८२. आणि निरक्षर राहिलेल्यांत म्हाताऱ्या बायकांचा वाटा किती असेल हे कोणालाही कळेल. कागद वाचून देणाऱ्यावर विश्वास ठेवणं हा त्यांचा अडाणीपणा मानणं अन्यायाचं आहे. त्याशिवाय त्यांचं एकही काम कधी झालेलं नाही.

मग शिकलेल्यांचं काय? वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष आणि पद्मभूषण मिळालेले एस. पी. ओसवाल २०२४ साली ८२ वर्षांचे होते, तेव्हा त्यांच्याकडून सात कोटी रुपये उकळले गेले. त्यांच्यासाठी ऑनलाइन सर्वोच्च न्यायालयच उभं केलं होतं, त्यात सरन्यायाधीशांचा तोतया सुनावणी घेत होता. मुंबईत ८६ वर्षांच्या एका बाईंना सीबीआयच्या नावानं दोन-अडीच महिने धाकात ठेवून वीस कोटींहून जास्त रक्कम काढून घेतली गेली, हे मार्च २०२५ मध्ये उघड झालं. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं. तरी वर्षभरानं अंबाल्यातल्या एका वृद्ध दांपत्याला सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून लुबाडलं गेलं, न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरच्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवावा लागला. यातली माणसं अडाणी नव्हती. कायदा पाळणारी होती. परभणीत कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले, जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात घालवलेले, पूर्णा जंक्शनवर रेल्वेत नोकरी केलेले किती जण आहेत! शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे त्यांनी आयुष्यभर पाळलेलं असतं. म्हणूनच कोर्ट, पोलीस, वॉरंट प्रत्यक्षात कसं चालतं हे त्यांना ठाऊक नसतं. मुरलेला गुन्हेगार असल्या फोनवर हसेल. ज्याच्या नावावर कधी साधी तक्रारही नाही, त्याचे हातपाय गळतात. आयुष्यभर जपलेली अब्रू हीच त्याच्या गळ्यातली दोरी होते.

वय वाढलं की मेंदूच बदलतो, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं, की अविश्वासार्ह वाटणारे चेहरे पाहताना तरुणांच्या मेंदूत जी धोक्याची खूण उमटते, ती वृद्धांत मंद असते. शिकागोच्या रश विद्यापीठाचा २०१९ चा अभ्यास सांगतो, की फसवणुकीबद्दलची सावधगिरी कमी होणं हे पुढे येणाऱ्या स्मृतिभ्रंशाचं आधीचं लक्षण असू शकतं. हे घरातल्यांनी गांभीर्यानं घ्यावं. आजवर हिशोबाला पक्क्या असलेल्या आईचे व्यवहार अचानक चुकू लागले तर रागवण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. पण मला सर्वांत उपयोगी वाटतो तो स्टॅनफर्डच्या संशोधकांचा २०१८ मधला प्रयोग. त्यांनी माणसांना आधी उत्तेजित केलं, कोणाला आनंदानं तर कोणाला रागानं, आणि मग फसव्या जाहिराती दाखवल्या. उत्तेजित अवस्थेत त्या वस्तू विकत घेण्याकडे कल वाढला, वृद्धांचा आणि तरुणांचाही. शांत बसलेला म्हातारा आणि छातीत धडधड सुरू झालेला म्हातारा ही निर्णयाच्या बाबतीत दोन वेगळी माणसं आहेत. फोन न ठेवू देणं, कॅमेऱ्यासमोरून उठू न देणं, ‘कोणाला सांगितलंत तर त्यांनाही अटक होईल’ म्हणून बजावणं, हा सगळा खटाटोप ती धडधड खाली येऊ नये यासाठी असतो. म्हातारपणाच्या मेंदूवरचा उपाय त्यामुळे औषधाच्या दुकानात नाही, वेळेत आहे. मधे एक रात्र गेली तरी पुष्कळ पैसा वाचेल.

तरुणही फसतात, मग वृद्धांचंच वेगळं काय, असंही विचारलं जातं. तरुण जास्त वेळा फसतात हे मान्य करायलाच हवं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२३ मध्ये आलेल्या तक्रारींत विशीतल्या ४४ टक्के लोकांनी पैसे गेल्याचं सांगितलं, सत्तरीतल्या २५ टक्क्यांनी. रकमेचं चित्र मात्र उलटं: विशीत मध्यक नुकसान ४८० डॉलर, सत्तरीत ८०३ आणि ऐंशीच्या पुढे १,४५०. आकडे तिकडचे असले तरी त्यामागचं कारण परभणीला परकं नाही. पंचविशीतल्या मुलाचे वीस हजार जातात, तो दोन महिने हात आखडतो. निवृत्तीला मिळालेला फंड आणि ग्रॅच्युइटी एकदाच मिळते. ती गेली की पुन्हा कमवायला वय उरत नाही आणि दवाखान्याचा खर्च तर थांबत नाही.

माणसं लोभापायी फसतात, हा मुद्दा उरतो. त्यासाठी फोन बाजूला ठेवून गोदावरीपलीकडे बीडकडे पाहावं लागेल. ज्ञानराधा मल्टिस्टेट या सहकारी पतसंस्थेच्या शाखांतून २०२३ च्या अखेरीस ठेवी मिळेनाशा झाल्या, २०२४ मध्ये अध्यक्ष सुरेश कुटे यांना अटक झाली, आणि ठेवीदारांचे सुमारे २,३०० कोटी रुपये कुटे यांच्या उद्योगसमूहाच्या कंपन्यांकडे कर्जाच्या नावानं वळवल्याचा आरोप ईडीनं केला. इथे ना ओटीपी होता ना व्हॉट्सॲप. शाखा होती, काउंटर होतं, शिक्का मारलेली पावती होती आणि ओळखीची माणसं होती. व्याज बँकेपेक्षा जास्त होतं हे खरं, आणि ते पाहून काहींना मोह झाला हेही खरं. पण व्याजावर घर चालवणाऱ्याला दोन-चार टक्के म्हणजे महिन्याची औषधं असतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे आणि पतसंस्थेतल्या किंवा मल्टिस्टेटमधल्या ठेवीला तो नाही, हे त्या काउंटरवर कोणत्या पाटीवर लिहिलेलं होतं? गंगाखेडलाही हेच घडलं, जरा वेगळ्या रीतीनं. गंगाखेड शुगर अँड एनर्जी या कारखान्यानं शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर त्यांच्या नावे परस्पर पीककर्ज उचलल्याचा आरोप झाला आणि २०१७ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. ज्यांच्या नावाचं कर्ज होतं, त्यांना लोभ कसला होता? ऊस घालायचा म्हणून कारखान्याला कागद दिले, एवढंच. बँकेसारखं जे दिसतं त्याला बँक मानणं, हाच ज्ञानराधाच्या काउंटरसमोर उभ्या राहिलेल्यांचाही गुन्हा.

आपल्या बातम्यांची भाषा मात्र फसलेल्यालाच आरोपी करते. ‘आमिषाला बळी पडून निवृत्त शिक्षकानं गमावले अमुक लाख’, ‘वृद्धेला गंडा’. घरफोडीच्या बातमीत कुलूप कमकुवत होतं असं मथळ्यात कोणी लिहीत नाही. या भाषेचा परिणाम थेट तपासावर होतो, कारण इथे पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. १९३० या क्रमांकावर लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात पोचलेली रक्कम गोठवता येते; तिथून ती आणखी चार-पाच भाड्याच्या खात्यांत फुटली की हाती काही लागत नाही. पण माणूस ते तास गप्प बसण्यात घालवतो. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला. त्यांना सांगावं तर ‘बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं’ हे पहिलं वाक्य ठरलेलं. त्याच्या मागे आणखी एक भीती असते, आणि तिच्याबद्दल घरात कोणी उघड बोलत नाही: एकदा अक्कल गेली असं ठरलं की एटीएम कार्ड काढून घेतील, मग पासबुक, मग शेताच्या वाटणीचा विषय निघेल. भामटा म्हणतो ‘कोणाला सांगू नका’, आणि घर नकळत त्याला दुजोरा देतं.

लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी ते ७,४६५ कोटी होते. भोळेपणा एका वर्षात तिप्पट होत नाही. वाढला तो पैसा पळण्याचा वेग आणि पळवणाऱ्यांची यंत्रणा. म्हणून उपायही त्या वेगावरच हवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार खातेदाराची चूक नसताना झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर त्याच्यावर बोजा पडत नाही. पण धाक दाखवून त्याच्याच हातून पैसे पाठवून घेतले तर त्या संरक्षणाचा उपयोग होत नाही. डिजिटल अरेस्टमध्ये नेमकं तेच होतं, माणूस स्वतः चालत शाखेत येऊन मुदत ठेव मोडतो. ब्रिटननं ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा व्यवहारांतही ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई देण्याचं बंधन बँकांवर घातलं आहे. नुकसान स्वतःच्या खिशातून जाणार म्हटल्यावर बँक प्रश्न विचारू लागते. आपल्याकडेही विचारणारी माणसं आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादच्या स्टेट बँकेच्या एका शाखेत ६१ वर्षांचे एक डॉक्टर तेरा लाखांची ठेव मोडायला आले. त्यांची घाई पाहून कर्मचाऱ्यांनी पैसे लगेच देण्याचं टाळलं, घरच्या कोणाला घेऊन या म्हणाले, पुन्हा आले तेव्हा पुन्हा थांबवलं, आणि पैसे वाचले. पण कर्मचाऱ्याच्या चांगुलपणावर आणि त्या दिवशीच्या गर्दीवर हे सोडून चालणार नाही.

म्हाताऱ्यांचे व्यवहार अडवणं म्हणजे त्यांचा अधिकार काढून घेणं नाही का, हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो त्यांच्या बाजूनं घेतलेला आहे. बँकेनं परस्पर अडवलं, किंवा मुलाच्या संमतीची अट घातली, तर तो नक्कीच अपमान होईल. पण मर्यादा त्यांनी स्वतः, शांत असताना ठरवलेली असेल तर? कार्डावरची मर्यादा ठरवण्याची सोय रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्येच सर्व बँकांना द्यायला लावली. तीच सोय सगळ्या खात्याला, ठेव मोडण्याला आणि अनोळखी खात्यात पहिल्यांदा जाणाऱ्या पैशाला लावता येईल: ठरलेल्या रकमेच्या वर व्यवहार झाला तर चोवीस तास थांबेल, आणि त्या वेळात खातेदारानं निवडलेल्या माणसाला, मुलगा असो, भाची असो की शेजारचे गुरुजी असोत, मराठीत एक मेसेज जाईल.

ही मर्यादा विचारण्यासाठी वेगळी मोहीम काढायची गरज नाही. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येतात. परभणीच्या शाखांत सकाळपासून बाकं भरलेली असतात, कोणी नातवाचा हात धरून आलेलं असतं, कोणाच्या बोटाचे ठसे यंत्राला उमटत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा दाबून पाहत असतं. जिवंत आहात का, एवढंच त्यांना तिथे विचारलं जातं. त्याच खिडकीवर आणखी एक प्रश्न विचारता येईल. तुमच्या खात्यातून एका दिवसात जास्तीत जास्त किती पैसे जावेत? उत्तर तिथल्या तिथे पासबुकाच्या पहिल्या पानावर मराठीत छापून द्यावं, खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा.